जनावरांच्या वंशवह्या

पहिले महायुद्ध संपले तेव्हा पोलंडच्या पूर्व सीमेवरील ब्यावोवेझा या पुरातन अरण्यात युरोपीय बायसनाचा मागमूसही उरला नव्हता. हा प्राणी म्हणजे आपल्या गव्याचा दूरचा, दाट केसांचा नातलग. रशियाच्या झारांची ही राखीव शिकारभूमी असल्यामुळे युद्धापूर्वी तेथे सातशेहून अधिक बायसन टिकून होते. परंतु पुढे सरकणाऱ्या आणि माघार घेणाऱ्या सैन्यांनी, त्यांच्यामागून आलेल्या उपाशी माणसांनी आणि चोरट्या शिकाऱ्यांनी त्यांचा फडशा पाडला आणि १९१९ साली तेथील अखेरचे मोकळे जनावर मारले गेले. कॉकेशस पर्वतातील दुसरी उपजाती १९२७ पर्यंत कशीबशी तगली आणि मग तीही संपली. तरीही जात म्हणून बायसन पृथ्वीवरून नाहीसा झाला नाही, कारण पूर्वी कधी भेट म्हणून, कधी हौसेखातर, तर कधी विक्रीने युरोपभरच्या प्राणिसंग्रहालयांत आणि जमीनदारांच्या उद्यानांत गेलेली काही जनावरे जिवंत होती. ती नेमकी किती आणि कोठे आहेत, हे मात्र कोणालाच एकत्रितपणे ठाऊक नव्हते.

यान श्तोल्त्समन या पोलिश प्राणिशास्त्रज्ञाने १९२३ साली पॅरिस येथील निसर्गसंरक्षण परिषदेत हा प्रश्न मांडला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिन येथे बायसनाच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. या संस्थेने पैसा उभारण्याआधी किंवा जंगल राखून ठेवण्याआधी जनावरांची मोजदाद हाती घेतली, ही गोष्ट या इतिहासात फार महत्त्वाची आहे. मोजदाद वाटते तितकी सोपी नव्हती. अनेक मालकांनी आपल्या बायसनांचा संकर अमेरिकी बायसनाशी किंवा पाळीव गुरांशी केलेला होता आणि अशी मिश्र संतती दिसायला बरीचशी अस्सल जनावरासारखीच असे, त्यामुळे डोळ्यांनी पाहून निवाडा करणे शक्य नव्हते. आई कोण, बाप कोण, जन्म कोठला आणि ते जनावर कोणाकडून कोणाकडे गेले, याचा कागदोपत्री माग लागला तरच ते शुद्ध वंशाचे मानायचे, असे ठरले. या कसोटीला उतरलेली जनावरे निघाली अवघी ५४.

या जनावरांची जी नोंदवही १९३२ साली प्रथम छापली गेली, ती वन्य प्राण्याची जगातील पहिली वंशवही होय. घोड्यांच्या आणि गुरांच्या पैदाशीत अशा वह्या आधीपासून होत्या, पण त्यांचा हेतू उत्तम नर निवडण्याचा असे. येथे हेतू कोणतेच रक्त वाया जाऊ न देण्याचा होता. त्र्यंबकेश्वरचे किंवा नाशिकचे तीर्थोपाध्याय यात्रेकरूंची नावे पिढ्यान्‌पिढ्या ज्या वह्यांत उतरवतात, त्यांचा परिचय असलेल्या मराठी वाचकाला वंशवहीची कल्पना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. प्रत्येक जनावराला एक कायमचा क्रमांक मिळतो. ते जनावर मेल्यावर तो क्रमांक दुसऱ्याला दिला जात नाही, आणि त्या क्रमांकापुढे आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक, जन्मतारीख, जन्मस्थळ, स्थलांतरे आणि अखेर मृत्यू लिहिला जातो. बायसनाच्या बाबतीत तर नावातच पत्ता गोवण्याची पद्धत रुजली: पोलंडमधील जनावरांची नावे ‘पो’ने सुरू होतात आणि प्श्चिना येथील जुन्या कळपातील जनावरांची ‘प्ल’ने, त्यामुळे नाव ऐकताच जाणकाराला घराणे कळते. दुसऱ्या महायुद्धात कळप पुन्हा विस्कटले, तेव्हा ही वही सावरण्याचे काम वॉर्सा प्राणिसंग्रहालयाचे संचालक यान झाबिन्स्की यांनी संपादक म्हणून पत्करले. नाझी अंमलाखाली याच झाबिन्स्की दांपत्याने आपल्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात ज्यू माणसांना लपवून त्यांचे प्राण वाचवले होते. जिवांची नावे जपून ठेवण्याचे मोल त्यांना वेगळ्या आणि भयंकर वाटेने कळलेले होते, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

वंशवहीतून पुढे जे उघड झाले ते चिंताजनक होते. आज जिवंत असलेला प्रत्येक युरोपीय बायसन केवळ बारा पूर्वजांपासून आलेला आहे आणि त्यांपैकी सखल प्रदेशातील शुद्ध वंश तर सातच जनावरांवर उभा आहे. कॉकेशसच्या उपजातीचे सारे रक्त एकाच बैलामार्फत उतरले आणि त्याचे नावही ‘कॉकेशस’ असेच होते. अशा पूर्वजांना संस्थापक म्हणतात, म्हणजे ज्यांच्या मागे ज्ञात नातेसंबंध नाहीत आणि ज्यांच्यापासून पुढील सर्व संतती झाली अशी मूळ जनावरे. १९५२ साली ब्यावोवेझाच्या अरण्यात बायसन पुन्हा मोकळे सोडण्यास आरंभ झाला आणि २०१९ पर्यंत मोकळ्या कळपांतील संख्या ६,२०० च्या पुढे गेली. ही वाढ दिलासा देणारी खरी. पण सहा हजार जनावरांच्या पाठीशी बाराच संस्थापक असल्याची जाणीव वहीवाचून झाली नसती.

मंगोलियात ताखी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रझेवाल्स्कीच्या रानटी घोड्याची कथा बरीचशी याच वळणाने जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी पकडून युरोपात आणलेल्या शिंगरांचा वंश दुसऱ्या महायुद्धाअखेर एकतीस घोड्यांवर आला. गोबीच्या वाळवंटात १९६९ नंतर रानटी घोडा दिसल्याची खात्रीची नोंद पुढे दीर्घकाळ झाली नाही. हँबुर्गच्या प्राणिशास्त्रज्ञ एर्ना मोर यांनी या घोड्यांची विखुरलेली माहिती गोळा करून १९५९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच वर्षी प्राग येथे या घोड्यासंबंधी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि प्राग प्राणिसंग्रहालयाने त्याची वंशवही चालवण्याचे काम स्वीकारले. १९९२ पासून ताखी मंगोलियात परतू लागले. या वहीतील ६१५ हा क्रमांक एका घोड्याचा आहे. त्याच्या पेशी १९८० साली सॅन डिएगो येथे गोठवून ठेवण्यात आल्या होत्या. पुढे वंशवहीच्या अभ्यासातून असे दिसले की त्याचे आनुवंशिक वैशिष्ट्य जिवंत कळपांत फारच थोडे उतरलेले आहे, आणि म्हणून २०२० साली त्याच पेशींपासून एका शिंगराचा जन्म घडवून आणण्यात आला. हजारो नमुन्यांतून नेमका हाच का निवडायचा, हे प्रयोगशाळेने नव्हे, तर वहीने सांगितले.

या वह्या मात्र एकेका जातीपुरत्या आणि एखाद्या निष्ठावंत माणसाच्या चिकाटीवर अवलंबून होत्या. बाकीच्या हजारो जातींची माहिती त्या त्या प्राणिसंग्रहालयाच्या कपाटात, प्राणिपालांच्या रोजनाम्यात आणि आवक-जावकाच्या खातेवहीत पडून राहिली होती. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने १९६० च्या सुमारास सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय वार्षिकात जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतील दुर्मीळ प्राण्यांच्या याद्या छापून येऊ लागल्या, ही एकत्रीकरणाची पहिली मोठी पायरी होती. तथापि यादीत संख्या असते, नातेसंबंध नसतात.

१९७० च्या दशकात परिस्थिती बदलली. अमेरिकेत १९७३ साली संकटग्रस्त जातींचा कायदा झाला, १९७५ पासून वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणारा करार लागू झाला आणि पिंजरा रिकामा झाला की जंगलातून दुसरे जनावर मागवायचे ही शंभर वर्षांची सवय मोडावी लागली. आता प्राणी मिळणार ते दुसऱ्या प्राणिसंग्रहालयातूनच, आणि तेथे काय आहे हे कळायचे तर एकमेकांपुढे खातेवह्या उघडणे भाग होते. मिनेसोटातील जैवरसायनशास्त्रज्ञ युलिसिस सील आणि त्यांचे सहकारी डेल मेकी यांनी याच सुमारास आंतरराष्ट्रीय प्राणिजाती नोंदप्रणाली उभी केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘आयसिस’ म्हणून ओळखली गेली आणि मिनेसोटा प्राणिसंग्रहालयातून तिचे काम चालू लागले. आरंभी पन्नासच्या आसपास संस्था तिच्यात सामील झाल्या. सील हे पेशाने प्राणिसंग्रहालयातले नव्हते, सैनिकांच्या रुग्णालयातील संशोधक होते. रक्तातील प्रथिनांवर काम करणाऱ्या या माणसाला एका जनावराच्या तपासणीतून फारसे काही कळत नाही, हे अनुभवाने माहीत होते. एखाद्या टॅपिरच्या रक्तातील साखर अमुक इतकी भरली, तर ती जास्त की बेताची, हे पशुवैद्याने कशावरून ठरवावे? निरोगी टॅपिरांच्या शेकडो तपासण्या एकत्र केल्याशिवाय ते ठरत नाही, आणि कोणत्याही एका प्राणिसंग्रहालयात शेकडो टॅपिर नसतात. आयसिसने वंशाच्या नोंदींबरोबर रक्ततपासणीचे असे प्रमाण आकडेही संकलित केले, यामागे हीच निकड होती.

नोंदी एकत्र आल्या म्हणजे काय घडू शकते, याचा धडा वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाने घालून दिला. तेथे कॅथरिन राल्स, क्रिस्टिन ब्रगर आणि जोनाथन बॅलू यांनी हरिण, कुरंग आणि अशाच खुरी प्राण्यांच्या जुन्या नोंदी काढून एक साधा प्रश्न विचारला: सख्ख्या किंवा जवळच्या नात्यातील जोडप्याची पिल्ले आणि परक्या जोडप्याची पिल्ले यांच्यात लहानपणीच मरण्याचे प्रमाण सारखे असते काय? जवळच्या नात्यातील प्रजननाला अंतःप्रजनन म्हणतात. ते पिकांत आणि प्रयोगशाळेतील उंदरांत घातक ठरते हे माहीत असले, तरी वन्य जातींना त्याचा उपद्रव होत नसावा, अशी समजूत प्राणिसंग्रहालयांत रूढ होती आणि तीच सोयीची होती, कारण एक नर आणि त्याच्या मुली एकाच कुंपणात ठेवणे स्वस्त पडे. १९७९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधाने ही समजूत खोडून काढली. तपासलेल्या सोळा जातींपैकी पंधरांमध्ये अंतःप्रजननातून जन्मलेली पिल्ले अधिक प्रमाणात मेली होती. पिल्लांच्या मृत्यूचे कारण हवामान, कुंपण किंवा आईचा अननुभव असू शकेल, हा आक्षेप खोडण्यासाठी त्यांनी एकाच मादीची दोन्ही प्रकारची बाळंतपणे पडताळून पाहिली आणि पंचवीसपैकी एकोणीस माद्यांच्या बाबतीत नात्यातल्या नरापासून झालेली पिल्लेच अधिक दगावल्याचे आढळले.

येथे क्षणभर थांबणे योग्य होईल. या निबंधाचा सारा पुरावा मेलेल्या पिल्लांचा होता. ज्या प्राणिपालाने एखाद्या सकाळी कुंपणात थंड पडलेले पाडस पाहिले आणि त्याची तारीख, त्याच्या आईचा क्रमांक व वय लिहून ठेवले, त्याला ती नोंद म्हणजे नुकसानीचा हिशेब वाटली असेल. ती न लिहिता पुरून टाकण्याचा मोहही झाला असेल. ज्यांनी लिहिले त्यांच्यामुळेच पुढे जगभरातील प्रजननाचे नियम बदलले. याच वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात १९६० साली रेवा संस्थानातून मोहिनी नावाची पांढरी वाघीण आलेली होती. तिचा बाप मोहन १९५१ साली महाराजा मार्तंडसिंग यांनी जंगलातून पकडला आणि पांढरा रंग पुन्हा मिळावा म्हणून त्याचा संयोग त्याच्याच राधा नावाच्या मुलीशी करण्यात आला. मोहिनी त्या संयोगाची मुलगी. पांढऱ्या वाघांच्या पुढील पिढ्यांत तिरळेपणासारखी व्यंगे आणि पिल्लांचे मृत्यू वारंवार दिसून आले. ज्या संस्थेत या कुळाचे प्रदर्शन मांडले गेले, तेथेच अशा कुळांचे परिणाम मोजणारे शास्त्र आकाराला आले, हा योगायोग भारतीय वाचकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

त्यानंतरच्या दशकात नोंदींचे रूपांतर नियोजनात झाले. १९८१ पासून अमेरिकेत आणि १९८५ पासून युरोपात संकटग्रस्त जातींसाठी सामायिक प्रजनन कार्यक्रम सुरू झाले. आयसिसने संग्रहालयांना त्यांच्या स्वतःच्या संगणकावर चालणारी नोंदप्रणाली आणि वंशवही ठेवणारी वेगळी प्रणाली दिली, आणि बॅलू व रॉबर्ट लेसी यांनी ‘सरासरी आप्तता’ या कल्पनेचा पाया घातला. एखाद्या जनावराचे कळपातील प्रत्येक जिवंत जनावराशी असलेले नाते आकड्यात मांडून त्यांची सरासरी काढली, की ती त्याची सरासरी आप्तता होते. ज्याची आप्तता सर्वांत कमी, त्याचे रक्त कळपात सर्वांत दुर्मीळ. म्हणून पुढच्या पिढीसाठी त्यालाच प्राधान्य द्यायचे, मग तो दिसायला रोडका असो वा म्हातारा. रुबाबदार नराची निवड करण्याची हजारो वर्षांची पशुपालकांची दृष्टी येथे पूर्णपणे उलटी झाली.

परंतु वहीच चुकीची असेल तर? गीरच्या सिंहांच्या बाबतीत नेमके हेच घडले. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांनी आशियाई सिंहांचा सामायिक कार्यक्रम हाती घेतला, त्या कळपाची वंशावळ पाच संस्थापकांपर्यंत पोहोचत होती. स्टीफन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या आनुवंशिक तपासणीत या पाचांपैकी दोन संस्थापक आफ्रिकी सिंहांच्या वंशाचे निघाले. म्हणजे जुन्या काळी कोठेतरी एका नोंदीत जन्मस्थळ चुकीचे पडले किंवा विचारलेच गेले नाही, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पिढीने ती चूक वारशाने पुढे नेली. कार्यक्रम गुंडाळावा लागला. युरोपने १९९० च्या दशकात आपला कार्यक्रम उभारला तो जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून आलेल्या, ज्यांचा माग थेट गीरपर्यंत लागतो अशा सिंहांच्या आधारावर. भारतात १९९२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने पुढे देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या साहाय्याने राष्ट्रीय वंशवह्या तयार करून घेतल्या, त्यामागची निकडही यावरून स्पष्ट होते.

नोंदी नोंदणाऱ्यांच्या विरुद्धही साक्ष देतात, आणि त्यांच्या सचोटीची खरी कसोटी तेथे लागते. २००८ साली ‘सायन्स’मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने युरोपातील प्राणिसंग्रहालयांतील हत्तींच्या वंशवहीची तुलना केनियातील अंबोसेलीच्या आणि म्यानमारच्या लाकूड-ओढ्या हत्तींच्या नोंदींशी केली. प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या आफ्रिकी हत्तिणीचे मध्यक आयुर्मान १६.९ वर्षे भरले, तर अंबोसेलीत नैसर्गिक मृत्यू येणाऱ्या हत्तिणींचे ५६; आशियाई हत्तिणींसाठी हेच आकडे १८.९ आणि ४१.७ असे होते. या निष्कर्षावर वाद झाले, आणि ते व्हायलाही हवेत; परंतु टीकाकाराच्या हाती लागणारा पुरावा संस्थांनीच लिहून ठेवलेला होता, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये.

२०१० पासून साऱ्या नोंदी इंटरनेटवरील एकाच प्रणालीत येऊ लागल्या आणि २०१६ साली आयसिसने ‘स्पीशीज-३६०’ हे नाव घेतले. आज हजाराहून अधिक संस्था तिच्या सदस्य आहेत. जंगलातील प्राण्याचा जन्म सहसा कोणी पाहत नाही आणि मृत्यूचे कारण तर क्वचितच कळते. त्यामुळे कोणत्या वयात किती माद्या वितात आणि किती जीव मरतात, हे सांगणारी जीवनसारणी बहुतेक जातींसाठी उपलब्धच नव्हती. डॅलिया कोंडे यांच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले की बत्तीस हजारांहून अधिक चतुष्पाद कशेरुकी जातींपैकी, म्हणजे उभयचर, सरपटणारे प्राणी, पक्षी व सस्तन यांपैकी, जन्म-मृत्यूची पुरेशी माहिती केवळ १.३ टक्के जातींची आहे, आणि प्राणिसंग्रहालयांच्या नोंदी जोडल्या की जीवनसारण्यांची उपलब्धता जवळजवळ आठपट होते. एखादी जात किती शिकार सोसू शकेल किंवा किती वर्षांत सावरेल, याचे गणित याच सारण्यांवर उभे असते. अर्थात पिंजऱ्यातल्या प्राण्याला दुष्काळ आणि वाघ दोन्ही भेटत नाहीत, म्हणून हे आकडे जंगलाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. ते त्या जातीच्या शरीराची क्षमता सांगतात, तिच्या वाट्याला आलेले नशीब नव्हे. कासवांच्या ५२ जातींच्या नोंदींवरून २०२२ साली निघालेला निष्कर्ष याच मर्यादेत वाचावा लागतो: सुमारे तीन-चतुर्थांश जातींमध्ये वय वाढल्याने मृत्यूचा धोका अगदी मंद गतीने वाढतो किंवा वाढतच नाही. त्याच सुमारास १९१ जातींच्या १,१०,१४८ सस्तन प्राण्यांच्या नोंदींतून कर्करोगाचा धोका मोजला गेला आणि मांसाहारी प्राण्यांत तो सर्वाधिक आढळला. शवविच्छेदन करून मृत्यूचे कारण लिहून ठेवण्याची शिस्त नसती तर हा प्रश्न विचारणेही शक्य नव्हते.

कॅलिफोर्नियाच्या कॉन्डॉर या अवाढव्य गिधाडाचे १९८७ साली केवळ २७ पक्षी उरले होते आणि ते सारे पकडून प्राणिसंग्रहालयांत ठेवण्यात आले होते. त्यानंतर अंड्यातून बाहेर आलेल्या प्रत्येक पिल्लाला क्रमांक, आईबाप आणि रक्ताचा नमुना अशी नोंद मिळत गेली. सॅन डिएगो येथील संशोधकांनी पुढे ९११ पक्ष्यांच्या आनुवंशिक नोंदी पालकत्वाशी पडताळून पाहिल्या, तेव्हा दोन नरपक्ष्यांचा ताळमेळ वहीतल्या कोणत्याही नराशी बसेना. त्यांना बाप नव्हताच. दोन निरनिराळ्या माद्यांनी, शेजारी सक्षम नर असतानाही, एकटीने ती पिल्ले निर्माण केली होती. या प्रकाराला अनिषेकजनन म्हणतात आणि २०२१ साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली. तोपर्यंत ते दोन्ही पक्षी हयात नव्हते. क्रमांक २६० चा पक्षी दोन वर्षांचा होण्याआधीच २००३ साली मेला होता आणि क्रमांक ५१७ चा आठव्या वर्षात, २०१७ साली. दोघांनाही संतती नव्हती, आणि त्यांच्या जन्मसमयी बापाच्या रकान्यात शेजारच्या नराचा क्रमांक पूर्ण विश्वासाने लिहिलेला होता.